दम लागलेल्यांसाठी सोपे गाईड

प्रथम अभिनंदन. बोंबलाची पाटी घेऊन वाळवणाच्या वलांडीपर्यंत जाताना तुम्हाला मध्येच टेकावं लागलं, रात्री उशाशी एकीच्या दोन उशा झाल्या, आणि धावगी डोंगरावरच्या कचऱ्याला आग लागून धूर खाली उतरला की आळीत सगळ्यात आधी तुमचाच खोकला ऐकू येतो. म्हणजे छातीच्या डॉक्टरकडे जायला तुम्ही पात्र ठरलात. आता फक्त डॉक्टर निवडायचा आहे.

हे गाईड भाईंदरजवळच्या पाली, चौक, उत्तन, डोंगरी या पट्ट्यातल्या नवशिक्यांसाठी आहे. त्यात विषय दोन. पहिला, छातीचा डॉक्टर कसा निवडावा. दुसरा, त्या डॉक्टरला औषध कंपनीकडून काय मिळतं हे कसं ओळखावं. दुसरा विषय अभ्यासक्रमात नाही, पण परीक्षेला हमखास येतो. गाईडला कुठल्याही कंपनीने पैसे दिलेले नाहीत, त्यामुळे सोबत पेन नाही.

डॉक्टरकडे जाण्याआधी एक फुकट काम उरकून घ्या. खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल, संध्याकाळी कसकस वाटत असेल, वजन उतरत असेल, तर आधी थुंकी तपासा. सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट आहे, क्षयाची औषधंही फुकट आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत खुराकासाठी दरमहा १,००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते. ‘आमच्या घरात असलं काही नाही’ हे वाक्य इथं चालत नाही, जंतूला घराणं कळत नाही.

खासगीत गेलात तर काय होऊ शकतं याचा एक जुना हिशेब आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉ. मुकुंद उपळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुंबईच्या धारावीतल्या (आपलं धारावी बेट नव्हे, ती माहीमच्या खाडीकाठची) १०० खासगी डॉक्टरांना क्षयावर काय लिहाल, असं विचारलं. उत्तरं ८० प्रकारची आली. जवळपास वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया आणि मंडळींनी तिथंच पुन्हा विचारलं. या वेळी १०६ डॉक्टर, ६३ प्रकार, आणि बरोबर चिठ्ठी फक्त सहा जणांची. ८० वरून ६३ वर आलो, तेव्हा प्रगती झाली नाही असं म्हणता येणार नाही.

पाटीवाचन

नावापुढे अक्षरं जितकी जास्त तितका डॉक्टर मोठा, असा आपला समज असतो आणि पाटी रंगवणाऱ्याचाही. त्याचे पैसे अक्षरावर असतात. तुम्हाला हवी आहेत ती अक्षरं थोडीच: एमबीबीएसनंतर एमडी, विषय रेस्पिरेटरी मेडिसिन, जुन्या डॉक्टरांच्या पाटीवर टीबी अँड चेस्ट, किंवा त्याच विषयातलं डीएनबी, किंवा डीटीसीडी, म्हणजे दोन वर्षांचा डिप्लोमा. त्याच्याही वर डीएम. एफसीसीपी ही अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संस्थेची फेलोशिप आहे. मानाची आहे, पदवी नाही. ‘दमा तज्ज्ञ’, ‘ॲलर्जी स्पेशालिस्ट’ हे शब्द बाजारात मोकळे आहेत, कुणीही उचलावेत. नुसतं एमडी दिसलं तर कशातलं ते विचारा. एमडी त्वचारोगातही असतं, आयुर्वेदातही असतं, आणि दोन्ही ठिकाणी माणूस आपापल्या जागी हुशारच असतो.

नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दिसलाच पाहिजे, हा २००२ पासूनचा नियम आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो ताडून पाहता येतो. घरातल्या दहावीच्या मुलाला सांगा, दोन मिनिटांत काढून देईल, वर तुमच्या अज्ञानाबद्दल दोन शब्दही सुनावेल.

पालीकराला छातीच्या डॉक्टरसाठी बहुधा भाईंदर गाठावं लागतं. टेंभ्याचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, मिरा रोडला काचेची मोठी हॉस्पिटलं आहेत, आणि खर्च नको असेल तर लोकलने प्रभादेवीला उतरून केईएम. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत जा. होडी किनाऱ्याला आहे, दिवस हाताशी आहे. बाकीच्या दहा महिन्यांत ‘एवढा फेरा मारून येतो, मग दाखवतो’ असं म्हणत तुम्ही दाखवत नाही, हे घरच्यांना माहीत आहे.

वेटिंग रूममधली पाहणी

बाहेर दोन प्रकारची माणसं बसलेली असतात. एकांच्या मांडीवर एक्स-रेचा मोठा लखोटा असतो. दुसऱ्यांच्या मांडीवर काळी बॅग. बॅगवाल्याचा शर्ट इस्त्रीचा असतो, तो खोकत नाही, त्याला दम लागत नाही, आणि तरीही तो तुमच्या आधी आत जातो. हा एमआर. औषध कंपनीचा प्रतिनिधी.

त्याच्यावर चिडू नका. त्याला महिन्याचं टार्गेट असतं आणि ते तुमच्या छातीतून पूर्ण व्हायचं असतं. शिवाय एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे: कंपन्या डॉक्टरांना देतात त्या भेटींवर कायद्याने लगाम घाला, म्हणून सर्वोच्च न्यायालयात जे गेले ते रुग्ण नव्हेत आणि डॉक्टरही नव्हेत. ती याचिका याच बॅगवाल्यांच्या देशव्यापी संघटनेची, फेडरेशन ऑफ मेडिकल अँड सेल्स रिप्रेझेंटेटिव्हज असोसिएशन्स ऑफ इंडियाची. जो बॅग उचलतो त्याला बॅगेत काय आहे ते माहीत असतं. ऑगस्ट २०२२ मध्ये या सुनावणीत डोलो ६५० या तापाच्या गोळीचा विषय निघाला. त्याच्या महिनाभर आधी ही गोळी बनवणाऱ्या बंगळूरच्या मायक्रो लॅब्सवर प्राप्तिकर खात्याच्या धाडी पडल्या होत्या आणि खात्याने सुमारे १,००० कोटी रुपयांच्या मोफत भेटींचा आरोप केला होता. कंपनीने तो फेटाळला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड मात्र सुनावणीत म्हणाले की मला कोविड झाला तेव्हा मलाही हीच गोळी घ्यायला सांगितलं होतं. देशाचे न्यायाधीश आणि पालीचा नाखवा यांना एकच गोळी मिळाली, एवढी समता आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या खात्यात दिसत नाही.

आत गेल्यावर टेबल पाहा. पेन, कॅलेंडर, डायरी, आणि मधोमध प्लास्टिकचं फुफ्फुस. ते दोन भागांत उघडतं, आत गुलाबी श्वासनळ्या दिसतात, बुडाला कंपनीचं नाव असतं. हे फुफ्फुस नियमात बसतं. केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाने मार्च २०२४ मध्ये कंपन्यांसाठी जी विपणन आचारसंहिता काढली तिच्यात पुस्तकं, कॅलेंडरं, डायऱ्या, शिकवण्यासाठीची मॉडेलं असं सगळं देता येतं, फक्त प्रत्येक वस्तू १,००० रुपयांच्या आत हवी. ‘प्रत्येक वस्तू’ या शब्दांवर नवशिक्यांनी पेन्सिलीने खूण करावी. सॅम्पललाही माप आहे: एका औषधाची वर्षाला एका डॉक्टरला बारा पाकिटं, एका पाकिटात तीनच रुग्णांना पुरेल एवढं औषध. ही पाकिटं मोजायला कोण बसतं ते संहितेत शोधण्याचा प्रयत्न करून पाहा.

मग भिंत. भिंतीवर परदेशातल्या परिषदांचे फोटो. डॉक्टर कोट घालून, मागे कुठलंसं सुंदर शहर, गळ्यात ओळखपत्र. इथं डॉक्टरपेक्षा आपली परीक्षा असते. ‘आमचे साहेब दरवर्षी फॉरेनला जातात’ हे आपण बसमध्ये बाजूच्याला कौतुकाने सांगतो. तिकीट कुणी काढलं हा प्रश्न मनात येत नाही. स्वतःच्या खिशातून जाणारे डॉक्टर आहेत, चांगलं काही शिकून येणारे आहेत. फोटोवरून दोघे वेगळे ओळखता येत नाहीत, एवढीच अडचण आहे.

पेनापासून पॅरिसपर्यंत

आता थोडा इतिहास. हा भाग कंटाळवाणा वाटेल म्हणून वगळू नका, गंमत इथंच आहे.

डॉक्टरने कंपनीकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार, रोकड घेऊ नये, हे भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये नियमात लिहिलं. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याला रेटकार्ड जोडलं. पाच हजारांपर्यंतची भेट घेतली तर कानउघाडणी. पाच ते दहा हजार: तीन महिने नोंदवहीतून नाव बाद. दहा ते पन्नास हजार: सहा महिने. लाखापर्यंत: एक वर्ष. लाखाच्या पुढे: वर्षाहून अधिक. आणि हजाराखाली? हजाराखाली कार्डावर काही नाही.

कंपन्यांनी यावर मोठा सुरेख युक्तिवाद काढला. नियम डॉक्टरला आहे, आम्हाला नाही. म्हणजे घेणं चूक, देणं व्यवहार. तेव्हा हा आमचा धंद्याचा खर्च धरा आणि त्यावर कर लावू नका. झिंकोव्हिट नावाच्या पूरक गोळ्या विकणाऱ्या अपेक्स लॅबोरेटरीजने डॉक्टरांना सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रीज, लॅपटॉप दिले होते आणि पावणेपाच कोटींच्या आसपासचा असा खर्च करातून वजा मागितला होता. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती उदय लळित आणि रवींद्र भट यांनी सांगितलं की घेणं निषिद्ध असेल तर देण्यावर सवलत मागता येणार नाही, आणि या भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीतून तुमच्या-आमच्याकडूनच वसूल होतो. म्हणजे डॉक्टरकडचा तो फ्रीज आपण सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलेला होता. आत काय ठेवलंय हे विचारायचा निदान हक्क असायला हवा.

त्याच वर्षी जुलैपासून प्राप्तिकर कायद्यात १९४आर हे कलम लागू झालं. धंद्याच्या निमित्ताने कुणाला वर्षाला वीस हजारांहून जास्त किमतीचा लाभ दिला तर दहा टक्के कर कापायचा. डॉक्टरला मिळणाऱ्या सॅम्पललाही हे कलम लागतं, असं खात्याने स्पष्ट केलं. थोडक्यात, जे घेणं मना आहे त्याच्यावर कर कापणं सक्तीचं आहे. दोन खाती एकाच सरकारची आहेत. ती एकमेकांशी बोलतात की नाही, हा या गाईडच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न.

२०२४ च्या आचारसंहितेने डॉक्टरांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटी, विमान, हॉटेल, परदेशातलं प्रशिक्षण हे सगळं बंद केलं. पहिलं गाजलेलं प्रकरण वर्ष संपायच्या आत आलं. ॲबव्ही हेल्थकेअर इंडिया या कंपनीने ३० डॉक्टरांना पॅरिस आणि मोनॅकोला नेलं, खर्च १ कोटी ९१ लाख. माणशी सहा लाखांच्या वर. विषय होता वय लपवण्याच्या औषधांचा, म्हणजे फुफ्फुसांशी नाही तर सुरकुत्यांशी संबंध. तेवढ्यापुरता छातीच्या डॉक्टरांनी सुटकेचा श्वास घ्यावा. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारच्या समितीने कंपनीची कानउघाडणी केली आणि डॉक्टरांची नावं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे पाठवली. आचारसंहिता म्हणजे कायदा नव्हे. साधी तक्रार कंपन्यांच्याच संघटनेच्या नीतिसमितीपुढे जाते, आणि तिथली मोठ्यातली मोठी शिक्षा म्हणजे संघटनेतून काढून टाकणं. पालीत मच्छीमार सोसायटीतून नाव कमी झालं तर डिझेलची पंचाईत होते. औषध कंपनीचं नेमकं काय अडतं हे नीट समजलेलं नाही.

चिठ्ठीवाचन

चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव वाचता येईल अशा, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असा नियम आहे. तुमच्या चिठ्ठीवर ते नसेल तर तुम्ही बहुसंख्याकांत आहात.

औषधं घरी आणल्यावर सगळ्या पट्ट्या ताटात उलट्या मांडा आणि बारीक अक्षरांत ‘मार्केटेड बाय’च्या पुढे काय आहे ते वाचा. पाचही पट्ट्यांवर एकच नाव असेल तर तो योगायोग असू शकतो. पुढच्या महिन्यात एमआर बदलला आणि पाचही नावं बदलली, तर तोही योगायोग असू शकतो. योगायोगांची वही ठेवा.

दुसरी खूण याहून पक्की. चिठ्ठीतलं औषध भाईंदर स्टेशनजवळच्या चार दुकानांत मिळत नाही आणि दवाखान्याच्या खालच्या दुकानात नेमकं मिळतं, तर ते बहुधा धंद्यात ज्याला ‘प्रोपगंडा’ म्हणतात त्या छोट्या कंपनीचं असतं. तिचं सगळं जग म्हणजे एक डॉक्टर, एक दुकान आणि छापील किंमत. औषध खोटं असतं असं नाही. औषध कुठून घ्यायचं आणि तपासणी कुठे करायची हे ठरवण्याचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत तुम्हाला आहे. खालच्या दुकानदाराला हे सांगताना आवाज मऊ ठेवा, दम लागेल.

छातीसाठी रोज लागणाऱ्या औषधांपैकी सालब्युटामॉल, ब्युडेसोनाइड, टायोट्रोपियम ही राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत आहेत आणि त्यांच्या किमतीवर सरकारची टोपी आहे. म्हणून बाजाराला मिश्रणं आवडतात. यादीत नसलेला एखादा घटक मिसळला की टोपी सैल होते. काही रुग्णांना तीन औषधांचा एक पंप खरोखर लागतो, विशेषतः विडी ओढून फुफ्फुसं कायमची अडलेली असतात तेव्हा. म्हणून तिसरं औषध दिसलं की भांडू नका. ‘डॉक्टर, हे तिसरं कशासाठी?’ एवढंच विचारा. चांगला डॉक्टर उत्तर देतो. अगदी चांगला डॉक्टर कधीकधी ते खोडतो.

पंपाची परीक्षा

आतापर्यंतचं सगळं विसरलात तरी चालेल, हा भाग पाठ करा. टेबल, भिंत, पाटी यांवरून फार तर अंदाज बांधता येतो. पंप दिला की डॉक्टर कळतो.

आधी आपलं डोकं साफ करू. ‘पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय’ हे कोळीवाड्यातलं वेदवाक्य आहे. सालब्युटामॉलची एक गोळी चार मिलिग्रॅमची असते. पंपाच्या दोन फवाऱ्यांत मिळून दोनशे मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळीत वीसपट औषध, आणि तेही पोटातून सगळ्या अंगाला फिरून, हात थरथरवून, छातीत धडधड करून मग फुफ्फुसापर्यंत. आपण गोळी खुशीने घेतो, इंजेक्शनला तर दंड पुढे करतो, आणि पंप चारचौघांत काढायला लाजतो, कारण लग्न ठरायचं असतं. चांगला डॉक्टर पंप लिहितो आणि आपल्याला तो ‘हलका’ वाटतो. मग आपण नेब्युलायझर लावणाऱ्याकडे जातो. मास्कमधून धूर येताना दिसला की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. बाजार आपल्याला बिघडवतो, हे खरं. पण आपण बिघडायला तयारच बसलेले असतो.

पंप लिहून ‘कंपाउंडर दाखवेल’ म्हणणारा डॉक्टर नापास. पंप हातात घेऊन स्वतः दाखवणारा, मग तुमच्याकडून करून घेणारा, चुकलं की परत करायला लावणारा पास. फवाऱ्याचा पंप असेल तर: हलवा, श्वास पूर्ण बाहेर सोडा, तोंडात धरा, सावकाश ओढत असतानाच दाबा, आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरून ठेवा. स्पेसरची नळी लावली तर काम सोपं होतं, औषध घशात कमी आणि छातीत जास्त जातं. कॅप्सूल फोडून ओढायची भुकटी असेल तर उलट: जोरात आणि खोल ओढायचं. दोन्ही यंत्रं घरात असतील आणि दोन्ही एकाच पद्धतीने ओढत असाल, तर त्यातलं एक वाया जातं आहे. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. आणि दर वेळी दाखवायला जाताना पंप बरोबर न्यायचा, कारण महिनाभरात आपण पद्धतीत स्वतःच्या सुधारणा केलेल्या असतात.

दुसरी परीक्षा फुंकायच्या टेस्टची. कायमचा पंप चालू करण्याआधी स्पायरोमेट्री व्हायला हवी: नाक बंद, पूर्ण श्वास, मग जोरात फुंकून संपेपर्यंत सोडत राहायचं, औषध देऊन थोड्या वेळाने पुन्हा. त्यातून दमा आहे की विडीने केलेली कायमची अडचण, याचा अंदाज येतो. ही टेस्ट कधीकधी मोफत शिबिरात होते. शिबिर चांगलं, टेस्टही बहुधा नीट होते. फक्त यंत्र कुणाचं, तंत्रज्ञ कुणाच्या पगारावर, आणि शेवटी हातात ठेवलेल्या पंपावर कुणाचं नाव, ही तीन उत्तरं एकच निघाली तर घरी जाऊन योगायोगांच्या वहीत लिहा. पंप समजावणारी गोड बोलणारी ताई कधीकधी दवाखान्याची नसते, कंपनीची असते. शिकवते मात्र छान, हे कबूल करायला हवं. बऱ्याच डॉक्टरांपेक्षा जास्त वेळ देते.

कट

कंपनीकडून येतो तो एक पैसा. दुसरा पैसा तुम्हाला पुढे पाठवल्याबद्दल येतो, त्याला सगळे कट म्हणतात. सीटी स्कॅन ‘तिथंच’ करायचा आग्रह असेल तर त्यात हा असू शकतो.

विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगाला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०१३ साली पुण्याच्या एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला. रुग्ण तिथे गेला होता म्हणून. त्यांनी तो खिशात घातला नाही, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. २०१७ मध्ये मुंबईच्या एका हृदय रुग्णालयाने आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही, अशी जाहिरात फलकांवर लावली. डॉक्टरांची संघटना खवळली, कमिशनवर नव्हे, फलकावर. सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने कट घेणाऱ्या-देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सुचवणारा मसुदा तयार केला. मसुदा तयार झाला हे या कथेतलं शेवटचं घडलेलं. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, कायदा मिळाला नाही.

एडिसनहून मुलीचा फोन

ज्यांची लेक अमेरिकेत आहे त्यांनी हा प्रयोग करावा. तिथे २०१० च्या कायद्याप्रमाणे औषध आणि उपकरण कंपन्यांना डॉक्टरवर केलेला खर्च सरकारला कळवावा लागतो आणि सप्टेंबर २०१४ पासून तो ‘ओपन पेमेंट्स’ या सरकारी संकेतस्थळावर उघडा आहे. जेवणं, प्रवास, भाषणाचं मानधन, संशोधनाचा पैसा, सगळं वेगवेगळ्या रकान्यांत. न्यू जर्सीतल्या एडिसनला बसून मुलगी तिच्या छातीच्या डॉक्टरचं नाव टाकते आणि त्याला कुठल्या कंपनीने कितीचं सँडविच खिलवलं ते वाचून दाखवते. सँडविच खाल्लं म्हणजे डॉक्टर विकला गेला असं नाही. संशोधनाचा मोठा आकडा तर कधी कौतुकाचाही असतो. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, कंपनीचं वीस डॉलरच्या आतलं एकच जेवण घेतलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत त्या कंपनीचं औषध इतरांपेक्षा जास्त दिसलं. सोन्याचं नाणं लागत नाही, भाकरीवर भागतं. आणि खाणाऱ्याला मनापासून वाटत असतं की आपल्यावर काही परिणाम झालेला नाही.

आपल्या बाया बाजारात बसतात तेव्हा गिऱ्हाईक सुरमईचा कल्ला उघडून लाल आहे का बघतं, आणि त्यांना त्याचा राग येत नाही. डॉक्टरच्या बाबतीत कल्ला उघडायची सोय इथं केलेली नाही. तो ताजा नाही असं कुणाचं म्हणणं नाही. बघू द्यावं, एवढंच.

स्वाध्याय

(अ) एका वाक्यात उत्तरे द्या. डॉक्टरने पंप स्वतः दाखवला का? चिठ्ठीतलं प्रत्येक औषध कशासाठी ते सांगितलं का? मागच्या चिठ्ठीतलं एखादं औषध बंद केलं का? (तिन्हींना ‘हो’ असेल तर पुढचे प्रश्न सोडून द्या आणि टेबलावरच्या फुफ्फुसाला माफ करा.)

(आ) कारणे द्या. तुमच्या आधी एमआर आत गेला.

(इ) जोड्या लावा. औषधाची पट्टी, डायरी, कॅलेंडर, पेन यांवरची नावं आणि चिठ्ठीवरची नावं.

(ई) तोंडी परीक्षा. ‘डॉक्टर, हे औषध कंपनीने सुचवलं म्हणून लिहिलंत की माझ्यासाठी?’ हा प्रश्न नवशिक्यांनी विचारू नये. त्याऐवजी ‘यात स्वस्तातलं दुसरं चालेल का?’ असं विचारावं. मार्क तेवढेच मिळतात.

विडी या गाईडमध्ये घेतलेली नाही, कारण ती सोडण्याचा सल्ला द्यायला तज्ज्ञ लागत नाही, घरच्या बाईने तो पंचवीस वर्षं फुकट दिलेला आहे.

राहता राहिली ती नोंदवही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरचं नाव टाकलं की पदवी आणि नोंदणी क्रमांक मिळतो; कंपनीकडून काय मिळालं याचा रकाना तिथे नाही, दिल्लीतल्या आयोगाकडेही नाही. घरातलं दहावीचं पोर क्रमांक शोधायला बसेल तेव्हा त्याच्याचकडून कौन्सिलला दोन ओळींचं पत्र लिहून घ्या: हा रकाना उघडा. मराठीत लिहिलं तरी चालतं. एका पालीकराच्या पत्राने काही व्हायचं नाही, तेव्हा चौक, उत्तन आणि डोंगरीकरांनीही लिहावं.